घाटात एक्सल तुटला तर

पाचनई, रतनवाडी, साम्रद, गुंजवणे. ट्रेकच्या पायथ्याच्या या गावांपर्यंत आता छोटी हॅचबॅकसुद्धा जाते. सुट्टीच्या दिवशी पहाटे तिथे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. शेवटच्या काही किलोमीटरचा रस्ता मात्र पावसाळा सरल्यावर कसा असेल, याचा भरवसा नसतो. मोरीवर वाहून आलेली खडी, वळणावरचा उभा चढ, आणि गाडीत पाच माणसं, त्यांच्या सॅक, पाण्याचे कॅन. टायर पंक्चर होईल हे सगळ्यांनी धरलेलं असतं, त्यासाठी स्टेपनी असते. एक्सल तुटेल हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि तुटलाच तर डिकीतल्या कशानेही तो जोडता येत नाही.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. गिअरबॉक्समधून दोन्ही बाजूंना एकेक पोलादी दांडा निघतो आणि चाकात जाऊन बसतो. तोच ड्राइव्ह शाफ्ट, गॅरेजच्या बोलीत एक्सल. त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात, म्हणून चाक वळलं, खड्ड्यात गेलं, वर उचललं गेलं तरी दांडा फिरत राहतो. दोन्ही दांड्यांपैकी एक तुटला की गाडीची ओढच थांबते. ‘दुसरी बाजू शाबूत आहे, तेवढ्यावर गावापर्यंत पोहोचू’ असं वाटतं, पण ते होत नाही. दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलची रचनाच अशी असते की एक बाजू मोकळी झाली की सगळं फिरणं तिकडेच जातं. इंजिन ओरडतं, तुटका तुकडा गरगरतो, चांगलं चाक ढिम्म राहतं.

यातूनच खरा धोका निघतो. चढावर गाडी लावताना आपण पहिला गिअर टाकून ठेवतो, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर टाकतो. हे दोन्ही अडसर याच दांड्यांमधून चाकापर्यंत पोहोचतात. दांडा तुटला की गिअर गाडीला धरत नाही. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून चालक निर्धास्तपणे ब्रेकवरचा पाय काढतो आणि गाडी मागे घरंगळू लागते.

म्हणून ‘ठण्’ असा आवाज आला, इंजिन चढलं आणि गाडी पुढे गेली नाही, की पाय ब्रेकवर दाबून ठेवा. इंजिन लगेच बंद करू नका. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर पेडल दोन-तीनदा नीट दबतं आणि मग दगडासारखं घट्ट होतं. हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडी मागे सरकलीच तर तिचा मागचा भाग डोंगराच्या अंगाला जाईल असं स्टिअरिंग फिरवून ठेवा. मग बाकीच्यांना डोंगराच्या बाजूने उतरवा, दरीच्या बाजूने नाही. त्यांच्यापैकी एकाने बाजूला उभं राहून चाकांच्या उताराकडच्या अंगाला दगड सरकवायचे. थेट गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, हाताने गाडी रोखण्याचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही. दगड बसल्यावर ब्रेक हळूच सैल करून गाडी टेकते का पाहा, मगच इंजिन बंद करा. हे दगड नंतर रस्त्यातून उचलून कडेला टाकाच. रात्री घाट उतरणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव अशाच विसरलेल्या दगडाने जातो.

लाल त्रिकोण गाडीच्या बुडाशी ठेवून उपयोग नाही. तो वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल असा ठेवा. धुकं असेल तर दोन्ही दिशांना माणूस आणि टॉर्च हवा.

याच वेळी कुणीतरी सुचवतं की खाली उतारच आहे, न्यूट्रलवर सोडत नेऊ. याला ठाम नकार द्या. गिअरची पकड गेलेली आहे, सगळा भार ब्रेकवर येणार, आणि लांब घाटात ब्रेक तापून निकामी होतात. शिवाय तुटलेला दांडा फिरत्या चाकाबरोबर हेलपाटतो. त्याचा एक फटका ब्रेकच्या रबरी नळीला बसला की ब्रेक ऑइल गळून जातं. सपाट, मोकळ्या जागेवर दहा-वीस पावलं ढकलून गाडी कडेला घेणं वेगळं. घाट उतरवणं साफ वेगळं.

एक्सलच गेला आहे की क्लच, हे कळलं तर मेकॅनिकला नीट सांगता येतं. क्लच जळताना आधीपासून उग्र वास येतो, गाडी हळूहळू दमत जाते. एक्सल एकदम जातो. पक्की खात्री हवी असेल तर सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून, क्षणभर पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडा. इंजिन बंद न पडता एका बाजूने खरखर किंवा खडखड आली, तर दोष त्या बाजूच्या दांड्यात आहे. काही गाड्यांत गाडी उभी असताना स्पीडोमीटरचा काटाही हलतो. बघणाऱ्याने लांबून, टॉर्च मारून बघावं. निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नये.

मग माणसांचा विचार. दुपारचे तीन वाजून गेले असतील तर त्या दिवशी गाडी निघणार नाही, असंच धरून चाला. राष्ट्रीय महामार्गावर असाल, समजा माळशेज घाटात, तर 1033 ही महामार्गाची मदतवाहिनी आहे. जिवावरचा प्रसंग कुठेही असो, 112. भंडारदऱ्याच्या पलीकडे आत गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही. तिथे एसटीचा कंडक्टर किंवा गावची जीप चालवणारा भाऊ हाच निरोप्या. त्याच्याकडे तोंडी निरोप देऊ नका, चिठ्ठी द्या. गाडीचं मॉडेल, कुठली बाजू तुटली, गाडी कुठल्या गावाजवळ उभी आहे, आणि कुणाला फोन करायचा. गावात मुक्काम करावा लागला तर सरळ करा. पायथ्याच्या गावांत ट्रेकरांची जेवणा-झोपण्याची सोय करणारी घरं आता असतात. पिठलं-भाकरीचे पैसे न मागता द्या, आणि गाडीवर लक्ष ठेवणाऱ्या पोरालाही.

गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवर. ते मिळालं नाही तर पुढची चाकं उचलून नेणारी टोइंग गाडी. चारी चाकांची ओढ असलेली गाडी फ्लॅटबेडशिवाय हलवू नका, आणि ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. गिअरबॉक्स बसतो. दोरीने ओढणं हा शेवटचा उपाय, तोही मॅन्युअल गाडीला, सपाटीवर, जवळच्या वस्तीपर्यंत, वीस-पंचवीसच्या वेगाने. त्याआधी दांड्याचं गिअरबॉक्सकडून लोंबणारं टोक तारेने वर घट्ट बांधून घ्या, आणि चाकाकडचा तुकडा चाकाबरोबर हेलपाटत असेल तर ओढूच नका. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. चावी चालू स्थितीत असू द्या, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपचा प्रकार निराळा आहे. अशा अनेक जीपमध्ये मागचं चाक त्या दांड्याच्याच आधाराने बसलेलं असतं, आणि दांडा टोकाशी तुटला तर चाक दांड्यासकट बाहेर येऊ शकतं. ते चाक हलत असेल तर जीप एक पाऊलही ओढू नका.

आता जे घरी, निघण्याच्या आदल्या दिवशी करायचं आहे त्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तळमळ त्याचीच आहे. सीव्ही जॉइंट सहसा सांगून जातो. पार्किंगमध्ये काच खाली करून, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, सावकाश गोल फिरा. चाकाकडून ‘टक-टक-टक’ आलं तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरत असेल तर आतला जॉइंट बघायला सांगा. याच्याही आधी दिसतं ते रबराचं. गाडी उभी करून चाक पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन चाकामागे बघा. दांड्याच्या टोकावर घड्यांचं काळं रबर दिसेल. तेच एक्सल बूट. त्याच्या घड्यांच्या खोबणीत बारीक भेगा असू शकतात, चाक सरळ असताना त्या मिटलेल्या राहतात. बोटाने घडी फाकवून बघा. रबर फाटलेलं असेल तर रिमच्या आतल्या अंगावर आणि शेजारच्या लोखंडावर काळ्या ग्रीसचे ओघळ उडालेले सापडतील. ग्रीस बाहेर गेलं की त्या जागी चिखल आणि पाणी शिरतं, आणि जॉइंट आतून खरवडत जातो. फाटलेलं बूट वेळेत बदलणं हे नवा एक्सल घेण्याच्या तुलनेत किरकोळ काम आहे. ते न बदलता भर पावसात भंडारदऱ्याची फेरी मारणारी माणसं माझ्या ओळखीतच आहेत, आणि दरवेळी मी त्यांच्याशी भांडतो.

चांगला जॉइंटही चालवण्याच्या पद्धतीने तुटतो. चिखलात चाक गरगर फिरत असताना ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि चाकाला एकदम दगडाची पकड मिळाली, तर सगळा झटका दांडा खातो. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असेल तर आणखीच. अडकलात तर चाकं सरळ करा, माणसं उतरवा, चाकाखाली खडी टाका, आणि मग हलक्या पायाने निघा.

दुरुस्तीसाठी अडतो तो पार्ट. डाव्या-उजव्या दांड्यांची लांबी बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, म्हणून चासी नंबरचा फोटो, मॉडेलचं साल, पेट्रोल की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि एबीएस आहे का, एवढं मेकॅनिक निघण्याआधीच त्याला पाठवा. चाकाच्या मोठ्या नटासाठी लांब दांड्याचं मोठं सॉकेट लागतं, ते आणायला आठवणीने सांगा. तो नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात. आतलं टोक उपसताना गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं, तेव्हा ऑइल आणि ऑइल सीलही बरोबर हवं. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत असा यांत्रिक बिघाड धरत नाहीत. रस्त्यावरच्या मदतीचं कलम वेगळं घेतलं असेल तरच टोइंग मिळतं, ते आधी तपासा. गाडी जोडून झाली की चाकाचा नट ठरलेल्या ताकदीने आवळला का हे विचारा, ऑइलची पातळी बघून घ्या, आणि गावाबाहेर एक फेरी मारून आल्यावर गिअरबॉक्सखाली ओल आहे का ते बघूनच घाटाला लागा.