आपला फ्लॅश, दुसऱ्याचं बटण

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न ट्रिगरचा येतो. रेडिओ घ्यायचा की ऑप्टिकल? दुकानात याचं उत्तर रेंजवर मिळतं. हा दहा मीटर जातो, तो शंभर मीटर जातो, आणि पैसे त्या हिशोबाने. लग्नांत फ्लॅश लावून लावून माझं मत मात्र वेगळं झालंय. मंगल कार्यालयाचं स्टेज असून असून किती लांब असणार? आपण बटण दाबलं की फ्लॅश पेटतो का, हे सगळेच बघून घेतात. दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर तो गप्प बसतो का, हे सहसा कुणी बघत नाही. ट्रिगर निवडावा तो या दुसऱ्या प्रश्नावर.

आमच्या सांगली-मिरज भागात लग्नाला बहुतेकदा फोटोग्राफर दोन्ही बाजूंचे असतात, मुलीकडचे आणि मुलाकडचे. अशाच एका लग्नात मी मुलीकडून होतो. स्टेजच्या दोन कोपऱ्यांना दोन फ्लॅश, दोन्ही ऑप्टिकल स्लेव्हवर. कॅमेऱ्यावर एक छोटा फ्लॅश, अगदी कमी पॉवरवर, नुसता इशारा देण्यापुरता. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सगळं चोख चाललं. मुहूर्ताच्या वेळी मुलाकडचे दोघं आपापले फ्लॅश लावून समोर आले, आणि त्यांच्या बाजूला एक मामा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन उभे राहिले. त्यांच्यातल्या कुणीही फोटो काढला की माझे दोन्ही फ्लॅश पेटायचे. मंगलाष्टकं चालू असताना तर कुणाचंच बोट थांबत नाही. शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं, भटजींनी अंतरपाट ओढला, मुलीने मान वर केली, अक्षता उडाल्या आणि मी बटण दाबलं. त्याच्या क्षणभर आधी माझे फ्लॅश मामांच्या फोटोसाठी पेटून रिकामे झाले होते. मागचा रेडी लाईट लागलाच नव्हता. फोटोत चेहरे राखाडी आले, मुंडावळ्यांच्या मोत्यांवर चमक नाही, आणि अक्षता मागच्या पडद्यात विरून गेलेल्या. नुकसान एकतर्फीही नव्हतं. मुलाकडच्यांच्या कितीतरी फोटोंत माझा उजेड घुसला होता. नवरदेवाचा फेटा एका बाजूने पांढराफटक.

असं का होतं, ते समजून घेतलं की निवड सोपी जाते.

साध्या ऑप्टिकल स्लेव्हमध्ये उजेड ओळखणारा एक सेन्सर असतो. उजेड अचानक झपकन वाढला की तो आपल्या फ्लॅशला पेटवतो. उजेड कुणाचा, हे त्याला कळत नाही. कुणीही टाळी वाजवली की आपणही टाळी वाजवणाऱ्या पोरासारखं त्याचं असतं. पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश पूर्ण पॉवरवर एकदा पेटला की पुन्हा भरायला दोन ते चार सेकंद घेतो, सेल थकलेले असतील तर आणखी जास्त. मधल्या वेळेत आपण कितीही बटण दाबलं तरी उपयोग नाही. शिवाय दिवसभर असा परक्यांसाठी पेटून पेटून फ्लॅश तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आणखी हळू भरतो.

यात मोबाईलवाल्या पाहुण्यांना उगाच दोष देऊ नये. मोबाईलचा फ्लॅश म्हणजे एलईडी. त्याचा उजेड मंद असतो आणि बराच वेळ टिकतो, त्यामुळे स्लेव्ह त्याला सहसा फसत नाही. खऱ्या फ्लॅशची झेनॉन ट्यूब मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास सगळा उजेड ओकून मोकळी होते. स्लेव्हला हवा असतो तो हाच झपका. म्हणून हॉलमध्ये पाचशे मोबाईल असले तरी चालतील, खरा फ्लॅश लावलेला दुसरा कॅमेरा एक असला तरी पुरे.

ऑप्टिकलची दुसरी गंमत नवीन मुलांना फार छळते. डोळ्यांना स्टँडवरचा फ्लॅश पेटलेला स्पष्ट दिसतो, फोटोत मात्र त्याचा पत्ता नसतो. मुलं फ्लॅश बदलतात, सेल बदलतात, स्लेव्ह बदलतात. दोष असतो तो कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या टीटीएल मोडचा. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक चाचणीचा झपका टाकतो, उजेड मोजतो आणि मग शटर उघडून मुख्य फ्लॅश पेटवतो. आपला स्लेव्ह त्या पहिल्या झपक्यालाच पेटतो आणि शटर उघडेपर्यंत विझतो. उपाय दोन आहेत. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा आणि रेड-आय बंद करा, किंवा स्लेव्हमध्ये एस१ आणि एस२ असे दोन मोड असतील तर एस२ लावा. एस२ पहिला झपका सोडून देतो.

कंपन्यांनी यावर शहाणा ऑप्टिकलही काढला. कॅननने १९९८च्या ५५०ईएक्स फ्लॅशमध्ये, निकॉनने २००३मध्ये एसबी-८०० आणि डी२एचसोबत, अशी पद्धत आणली की कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सांकेतिक झपके टाकतो आणि दूरचे फ्लॅश फक्त तेच ओळखतात. मामांच्या कॅमेऱ्याचा प्रश्न त्यामुळे सुटतो. पण सेन्सरला तो संकेत दिसला पाहिजे, ही अट राहतेच. फ्लॅश सॉफ्टबॉक्सच्या आत गेला, खांबामागे गेला किंवा मध्ये व्हिडिओवाला उभा राहिला की संकेत तुटतो. उन्हात तर सेन्सर आंधळाच होतो. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंग करणाऱ्यांनी दुपारी हे करून बघावं. हॉलमध्ये दहा-बारा मीटरवरून चालणारी जोडी घाटाच्या पायऱ्यांवर चार पावलांवरूनही दगा देते. मग सहाय्यक फ्लॅश फिरवत बसतो आणि सेन्सरवर हाताने सावली धरतो.

मोठ्या कंपन्याही पुढे रेडिओकडे वळल्या. कॅननचा ६००ईएक्स-आरटी २०१२मध्ये आला, निकॉनचा एसबी-५००० २०१६मध्ये. आज बाजारात मिळणारे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. रेडिओला नजरेची अट नाही. पडद्यामागे, सॉफ्टबॉक्समध्ये, शेजारच्या खोलीत ठेवलेला फ्लॅशही पेटतो, आणि ऊन त्याचं काही बिघडवत नाही.

म्हणून रेडिओ घेतला की सुटलो, असं मात्र समजू नये. परक्या बटणाचा प्रश्न रेडिओतही येतो, फक्त वेगळ्या वाटेने. कोल्हापूरच्या एका लग्नात आमचे दोन्ही फ्लॅश कुणी हात न लावता पेटत होते. समोरचा फोटोग्राफर जवळ आला.

"दादा, तुमचा ट्रिगर कोणत्या चॅनेलवर आहे?"

"एकवर. का हो?"

"माझाही एकवरच आहे. सकाळपासून तुम्ही माझे फ्लॅश उडवताय."

"आणि तुम्ही माझे! तुम्ही एकवरच राहा, मी अकरावर जातो."

दोघांचे ट्रिगर एकाच प्रकारचे होते आणि दोघंही खोक्यातून निघालेल्या सेटिंगवर काम करत होते. दोन मिनिटांत भांडण मिटलं. साध्या ऑप्टिकलमध्ये हा मार्गच नव्हता, कारण मामांच्या उजेडाला चॅनेल नसतो. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हाच. परका इशारा दोन्हीकडे येऊ शकतो, पण रेडिओत दार बंद करायला कडी असते. ती लावली मात्र पाहिजे. उदाहरणार्थ गोडॉक्सच्या एक्स सिस्टिममध्ये ३२ चॅनेल आहेत आणि वर १ ते ९९ असा आयडी. चॅनेल आणि आयडी दोन्ही जुळल्याशिवाय फ्लॅश पेटत नाही. आपला आयडी एकदा ठरवावा आणि सगळ्या फ्लॅशवर तोच घालावा.

रेडिओच्या बाकीच्या खोड्या थोडक्यात सांगतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे हॉलचा वायफाय, ब्लूटूथ, ड्रोनचा रिमोट असे सगळे तिथेच गर्दी करतात. फ्लॅश अधूनमधून चुकायला लागला तर चॅनेल बदलून पाहावा. या लहरी माणसाच्या शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात आणि लोखंडाला अडतात. म्हणून फ्लॅश वऱ्हाडाच्या डोक्यांवरून वर असावा आणि एलईडी वॉलच्या सांगाड्याला चिकटवू नये. उलट, फ्लॅश ट्रिगरच्या फार जवळ असला तरी काही ट्रिगर चुकतात. त्यांच्या मेनूत अंतराची सेटिंग असते, '०-३० मीटर' आणि '१-१०० मीटर' अशी. टेबलावर दागिन्यांचे फोटो काढताना पहिली लावावी. अमेरिकेतून भाचा-पुतण्या पॉकेटविझार्ड आणणार असेल तर तिथलं मॉडेल ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झवर चालतं हे लक्षात ठेवा. तो पट्टा आपल्याकडे परवानामुक्त नाही.

खरेदीआधी कॅमेऱ्याची हॉटशू नीट बघा. कॅननच्या २००डी मार्क टू आणि ३०००डी या बॉडींना मधली गोल पिनच नाही, त्यामुळे साधे एका पिनचे ट्रिगर त्यांवर चालत नाहीत. त्या बॉडीसाठी बनवलेलाच ट्रिगर लागतो. घरात व्हिव्हिटार २८३सारखा जुना फ्लॅश पडून असेल तर तोही थेट कॅमेऱ्यावर किंवा कोणत्याही रिसीव्हरवर चढवू नका. त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांच्या पिनवर दोनशेहून अधिक व्होल्ट असतात, आणि डिजिटल बॉडी त्याने कायमची जाऊ शकते. रिसीव्हर किती व्होल्ट सोसतो, हे त्याच्या माहितीपत्रकात बघून मगच जोडा.

शटरचं गणितही ट्रिगरशी जोडलेलं आहे. साधा रेडिओ इशारा पोहोचवायला किंचित वेळ घेतो. कॅमेऱ्याचा सिंक १/२०० असेल आणि फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येत असेल तर १/१६० वर या. उन्हात १/१००० किंवा १/२००० वर काम करायचं असेल तर हाय स्पीड सिंक लागतो. त्या वेगाला शटर एका क्षणी पूर्ण उघडं नसतंच, म्हणून फ्लॅशला बारीक झपक्यांची रांग लावावी लागते. साधा स्लेव्ह पहिल्या झपक्याला एकदाच पेटून थांबतो. तिथे हाय स्पीड सिंक पोहोचवणारा टीटीएल रेडिओच घ्यावा.

मग ऑप्टिकल घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण जिथे दुसरा फ्लॅश नाही तिथे. पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ, वस्तूंचे फोटो, स्वतःची बंद खोली. पांढऱ्या भिंतींवरून उजेड उलटतो, त्यामुळे तिथे सेन्सरचं तोंड कुठे आहे याचीही फारशी चिंता नसते. काही शे रुपयांच्या स्लेव्हवर काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, आणि चॅनेल, आयडी, ट्रिगरचे सेल असली कटकट नाही. पाण्याखाली तर रेडिओचा उपयोगच नाही. तारकर्लीच्या समुद्रात डुबकी मारून फोटो काढायचे तर खाऱ्या पाण्यात २.४ गिगाहर्ट्झ काही सेंटिमीटरही धड जात नाही. तिथे कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड फायबरच्या केबलमधून बाहेरच्या स्ट्रोबपर्यंत नेतात. केबलमुळे दुसऱ्या डुबकीवाल्याचा फ्लॅशही आपल्या सेन्सरपर्यंत सहसा पोहोचत नाही.

नव्याने घेणाऱ्याला माझा सल्ला असा. लग्न, साखरपुडा, मिरवणूक, जिथे जिथे परका फ्लॅश असणार, तिथे रेडिओ. घर आणि स्टुडिओ, तिथे स्लेव्ह चालेल. पैसे कमी असतील तर मुख्य फ्लॅशला रेडिओ आणि मागच्या दिव्याला स्लेव्ह अशी जोडी लावा. मागचा दिवा कमी पॉवरवर ठेवा, म्हणजे परक्या झपक्याला पेटला तरी लगेच भरेल. फ्लॅश घेताना त्यात दोन्ही सोयी असलेला घ्या, कारण भर कार्यक्रमात ट्रिगर मेला तर कॅमेऱ्यावर छोटा फ्लॅश चढवून स्टँडवरचे स्लेव्हवर नेता येतात. ट्रिगरचे जादा सेल खिशात असू द्या, आणि पावसाळ्यात काम नसताना सेल आतून काढून ठेवा, नाहीतर पत्र्यांना हिरवा गंज चढतो.

तपासणी रिकाम्या हॉलमध्ये झाली म्हणजे झाली असं धरू नका. सहाय्यकाच्या हाती दुसरा कॅमेरा आणि दुसरा फ्लॅश द्या, त्याला स्टेजसमोर उभं करून चार फोटो काढायला सांगा आणि आपण नुसते आपल्या फ्लॅशकडे बघत राहा. मुद्दाम स्लेव्हवर ठेवलेला मागचा दिवा सोडून एकही पेटला नाही तर मांडणी बरोबर. त्याच सहाय्यकाला चॅनेल बदलणं आणि स्लेव्हवर नेणं ही दोन कामं डोळे मिटून करता यायला हवीत. मुहूर्ताच्या वेळी आपले दोन्ही हात कॅमेऱ्यावर असतात, स्टँडपाशी तोच असतो.