फ्यूज बॉक्सचं सैल झाकण

जुन्या गाडीचा रंग, क्रोम आणि चामड्याच्या सीट यांवर मालक हौसेने खर्च करतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणाकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. तळहातावर मावेल एवढं ते प्लास्टिक. सैल झालं तर वरून चिकटपट्टी मारायची आणि कुठे पडून गेलं तर तसंच चालवायचं, असा सर्रास रिवाज आहे. हा रिवाज मोडावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहतो. माझी गाडी १९७२ सालची एमजीबी जीटी. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला असलेल्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या बनल्या, पाच लाखांच्या वर. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि शौकीनही पुष्कळ भेटतात. गाडीची विद्युत साधनं लुकास कंपनीची. महाराष्ट्रात ज्यांच्याकडे जुनी ॲम्बॅसॅडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड आहे, त्यांना हे नाव परकं नाही. या गाड्यांचे मूळ अवतार, मॉरिस ऑक्सफर्ड आणि ट्रायम्फ हेराल्ड, इकडचेच. म्हणून वायरिंगची ही गोष्ट तिकडच्या मंडळींनाही लागू पडावी.

मी गाडी घेतली तेव्हा झाकण काळ्या इन्सुलेशन टेपने बांधलेलं होतं. आधीच्या मालकाची कामगिरी. बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद पाघळला होता. नवीन टेप लावली की तीही काही दिवसांत घसरायची. मूळ रचनेत या झाकणाला स्क्रू नाही, ते नुसतं दाबून बसतं. प्लास्टिक आखडलं किंवा वाकलं की त्याची पकड जाते.

एका उन्हाळ्यात माझा भाचा नाशिकहून आला होता. त्याला घेऊन आम्ही शेफिल्ड आणि मँचेस्टर यांच्यामधल्या डोंगरातून जाणाऱ्या स्नेक पास रस्त्याने निघालो. चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद करून बॉनेट उघडलं, तर झाकण कुठेतरी गळून पडलेलं. फ्यूज उघडे. मी रस्त्याच्या कडेने मागे झाकण शोधायला गेलो. भाच्याने हाक मारली, "मामा, तोवर ऑइल बघून ठेवू का?" बघ म्हटलं. यात वावगं काहीच नव्हतं, इंजिन जरा निवलं की ऑइल बघतातच.

या इंजिनाची डिपस्टिक उजव्या अंगाला आहे. फ्यूज बॉक्सही उजव्याच बाजूच्या आतल्या पत्र्यावर. डिपस्टिक म्हणजे हातभर लांबीची लवचीक लोखंडी पट्टी. ती बाहेर काढताना तिचं टोक हेलकावलं आणि फ्यूजच्या उघड्या क्लिपला लागलं. मधला भाग इंजिनाला टेकलेला होता. फटाका फुटावा तसा आवाज आला, निळी-पांढरी ठिणगी उडाली आणि भाच्याने हात झटकून मागे उडी मारली. त्याला इजा झाली नाही. डिपस्टिकच्या टोकाला मात्र वितळून खाच पडली होती.

मी धावत आलो आणि आधी बॅटरीचा कटऑफ फिरवला. मग एकेक फ्यूज काढून पाहिला. चारही फ्यूज शाबूत होते. एवढी मोठी ठिणगी पडली, लोखंड वितळलं आणि एकही फ्यूज उडाला नाही. सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

लुकासच्या वायरिंगमध्ये रंगांना ठरलेला अर्थ आहे. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते. तिच्यात किल्ली असो वा नसो, कायम वीज असते. पांढरी वायर किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. तपकिरीची वीज फ्यूजमधून पलीकडे गेली की वायरचा रंग जांभळा होतो. त्यावर हॉर्न आणि आतला दिवा चालतो. पांढरीची वीज फ्यूज ओलांडून गेली की हिरवी वायर होते. वायपर, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर तिच्यावर. म्हणजे फ्यूज राखण करतो ती जांभळ्या आणि हिरव्या वायरची. बॅटरीपासून फ्यूजच्या अलीकडच्या क्लिपपर्यंत येणाऱ्या तपकिरी वायरला त्या काळच्या या गाड्यांमध्ये कसलंच संरक्षण नाही. ती क्लिप कशाने तरी गाडीच्या पत्र्याला जोडली गेली, म्हणजे अर्थ झाली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या वायरमधून वाहते. बॅटरी शेकडो ॲम्पियर देऊ शकते. स्पर्श क्षणाचा होता म्हणून निभावलं. एखादा पाना तिथे अडकून राहिला असता, तर वायर लाल होऊन शेजारच्या सगळ्या वायरींचं आवरण वितळलं असतं आणि मग आग. उघड्या क्लिपपासून हात, पाना, डिपस्टिक यांना दूर ठेवणारी एकच वस्तू तिथे असते, आणि ती म्हणजे ते झाकण.

घरी आल्यावर लगेच नवीन झाकण मागवता आलं असतं. फार महाग नसतं ते. पण जुनं मुळात सैल का झालं, हा प्रश्न मनातून जाईना. फ्यूज बॉक्स नीट पाहिला तेव्हा उत्तर सापडलं. हिरव्या वायरच्या फ्यूजशेजारचं प्लास्टिक तपकिरी पडून किंचित वाकलं होतं. क्लिपवर गंज चढला होता. गंजलेला सांधा विजेला अडवतो आणि तापतो. हिशेब साधा आहे: वायपर, हीटरचा पंखा आणि ब्रेकचे दिवे मिळून १० ॲम्पियर वीज जात असेल आणि सांध्याचा रोध जेमतेम ०.१ ओहम असेल, तरी तिथे १ व्होल्ट वाया जातो आणि १० वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा बंद डबीत १० वॉट म्हणजे पुष्कळ झाली. तीच उष्णता वर्षानुवर्षं झाकण वाकवत राहते. वायपर संथ चालणं, इंडिकेटर मंदावणं ही त्याचीच लक्षणं. माझे वायपर कित्येक दिवस रेंगाळत होते, आणि मोटर म्हातारी झाली असेल असं सगळेच म्हणत होते.

तेव्हा काम आधी आतून सुरू करावं. बॅटरीची अर्थची केबल काढा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मगच फ्यूज एकेक करून काढा. क्लिप बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, पकडीने हलकेच आवळा, काँटॅक्ट क्लीनर मारा आणि शेवटी व्हॅसलीनचा पातळ हात द्या. मागच्या बाजूची टर्मिनलंही तशीच साफ करा. क्लिप बैठकीला रिव्हेटने जोडलेली असते. त्या रिव्हेटखाली गंज गेला असेल, तर घासून उपयोग नाही, बॉक्सच बदलावा. कुठे काय आहे ते मल्टीमीटर सांगतो: बॅटरीची केबल परत जोडून, वायपर, पंखा चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर सांधा खराब.

फ्यूज घेताना एक गोष्ट फार जपा. लुकासच्या जुन्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. सतत चालण्याची त्याची मर्यादा १७ ॲम्पियर. दुकानात "३५चा द्या" म्हणून मागितलं आणि सतत ३५ ॲम्पियर पेलणारा फ्यूज हातात आला, तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. १७चा मागावा.

आता झाकण. ते डिंकाने किंवा सीलंटने चिकटवू नका. रात्री पावसात फ्यूज उडाला तर उघडता आलं पाहिजे. केबल टाय नको, तो कापायला हत्यार लागतं. तार तर मुळीच नको, वीज वाहणाऱ्या क्लिपवर तार गुंडाळण्यासारखा धोका दुसरा नाही. स्वयंपाकघरातलं रबरबँड उष्णतेने चिरतं. माझा उपाय नाशिकच्या पंक्चरवाल्याकडचा आहे, आणि तो भाच्यानेच सुचवला: सायकलच्या जुन्या ट्यूबचा आडवा काप घेऊन तयार केलेलं बोटभर रुंद कडं. बॉक्सचे दोन स्क्रू सैल करायचे, कडं बैठकीमागून सरकवायचं, स्क्रू आवळायचे आणि कडं झाकणावरून ओढून घ्यायचं. हे रबर उष्णता चांगली सोसतं, वीज वाहत नाही आणि एका बोटाने बाजूला होतं. तेलाने ते फुगतं, म्हणून दर सर्व्हिसिंगला बदलून टाकतो. झाकण मूळचं वाकलेलं असेल तर आधी नवीन आणा. वाकड्या झाकणाला कडं घालून फट तशीच राहते.

याशिवाय दोन कामं चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेण्यासारखी आहेत. तपकिरी वायरला बॅटरीच्या बाजूला एक मोठा फ्यूज बसवणं, आल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा वरचा. स्टार्टरची जाड केबल त्यातून वगळावी. आणि बॅटरीला कटऑफ स्विच. माझ्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे फरशीखाली आहेत. आग लागल्यावर सामान हलवून, झाकण उघडून पाना लावायला वेळ कुठला मिळणार?

इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहते. बॉनेटखाली बघायला दुसरं कोणी येत नाही. तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला, तो बर्मिंगहॅममधला असो वा कोल्हापूरमधला, माझी विनंती आहे: या रविवारी बॉनेट उघडा, फ्यूज बॉक्सचं झाकण दोन बोटांनी हलवून पाहा. हललं, तर बॅटरीची केबल काढून आत काय तापतंय ते त्याच दिवशी शोधा, आणि तोवर कोणालाही डिपस्टिकला हात लावू देऊ नका.