स्वच्छता : शेजारप्रीतीचा धडा



नाताळ व पास्काचा सण जवळ आला की आपण घरे रंगवतो, अंगण झाडतो. पण आपल्या घरातील मैला व सांडपाणी पुढे कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. स्वच्छतेचा खरा प्रश्न उंबरठ्याबाहेर सुरू होतो. आपली घाण शेजाऱ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचू न देणे, हा त्याचा गाभा आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते?

अनुवाद ग्रंथाच्या 23 व्या अध्यायात इस्राएल लोकांसाठी एक साधा नियम आहे. शौचासाठी छावणीबाहेर जागा असावी, सामानात खणण्याचे साधन ठेवावे आणि विष्ठा मातीने झाकावी. कारणही तेथेच दिले आहे : परमेश्वर छावणीत वावरतो, म्हणून ती पवित्र असली पाहिजे. शौचासारखी गोष्टसुद्धा देवाच्या सान्निध्याशी जोडलेली आहे.

प्रभू येशूने केवळ हात व भांडी धुण्यात धर्म पाहणाऱ्यांना खडसावले (मार्क 7). याचा अर्थ हात धुऊ नयेत असा नाही. अंतःकरणात प्रेम नसेल, तर बाहेरची स्वच्छता अपुरी आहे, हे त्याला सांगायचे होते.

एका विहिरीची कथा

1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि 600 हून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे रोग होतो, असा त्या काळी समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद करून दाखवले की, बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत होती. तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना हे प्रथम पटले नाही. पण घरोघरी जाऊन चौकशी केल्यावर त्यांनाच साथीचे मूळ सापडले. एका आजारी बाळाचे मळके कपडे धुतलेले पाणी घराच्या मैल्याच्या खड्ड्यात टाकले गेले होते. तो खड्डा विहिरीपासून अवघ्या तीन फुटांवर होता व पाझरत होता. त्या घराने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. खड्डा मात्र पाझरत राहिला.

आपल्या दारी

आपल्या वसईत जमिनीखालचे पाणी वर असते. विहिरी, बोअर व बावखले जवळजवळ आहेत आणि प्रत्येक वाडीत घरे वाढत आहेत. सेप्टिक टँकमध्ये मैला नाहीसा होत नाही. गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. त्या पाण्यात रोगजंतू असतातच. टाकी गाळाने भरली की कच्चा मैला बाहेर पडू लागतो. कोणी तिचे तोंड गटारात सोडले, तर तो पावसात थेट बावखलात उतरतो. कावीळ, विषमज्वर, हगवण हे आजार याच वाटेने येतात.

टाकी उपसणारे हात

टाकीतील विषारी वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो. वाचवायला उतरलेलाही दगावतो. 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांसाठी 2014 साली ठरवलेली 10 लाखांची भरपाई 2023 साली 30 लाख केली. तरीही ‘स्वस्तात होते’ म्हणून गरीब बांधवाला आत उतरवले जाते. हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींवर लादले गेले, हेही आपण विसरू नये. प्रभूने शिष्यांचे पाय धुऊन दासाचे काम स्वतः केले. मग आपली घाण काढणाऱ्याला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कृतीसाठी

1. टाकी दर दोन-तीन वर्षांनी पंपाच्या गाडीनेच उपसून घ्यावी. माणूस आत उतरवू नये.
2. शोषखड्डा व विहीर यांत निदान 50 ते 60 फूट अंतर ठेवावे. शेजाऱ्याची विहीरही मोजावी.
3. टाकीचे तोंड गटारात किंवा बावखलात सोडू नये.
4. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. संशय असल्यास पाणी उकळून प्यावे.
5. भाडेकरू व मजुरांना वापरण्याजोगे शौचालय द्यावे.

चिंतनासाठी

आपल्या टाकीचे पाणी कोठे जाते, हे आपल्याला ठाऊक आहे का? आपल्याकडे सफाईला येणाऱ्या बांधवाला आपण कोणत्या पेल्यात पाणी देतो?

हे प्रभो, तू आमच्या वस्तीत वावरतोस. आमच्या घराची घाण कोणाच्या घागरीत जाऊ नये, इतकी शेजारप्रीती आम्हांला दे. आमेन.