मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि आयुर्वेदीय चिकित्सक : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे काय, घेतल्यास कोणते व कोठे, अशी विचारणा आमच्या भंडारा जिल्ह्यातील वैद्यबंधू अलीकडे वारंवार करू लागले आहेत. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर या भागांत दवाखाना चालविणाऱ्यांस यामागील कारण सांगावयास नको. डोके जड राहणे, छातीत धडधड, झोप न लागणे, अन्न गोड न लागणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतो, सर्व तपासण्या प्राकृत निघतात आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण त्याच तक्रारी घेऊन पुन्हा समोर बसतो. तेव्हा या विषयाची ओढ वाटणे स्वाभाविक व स्वागतार्ह आहे. मात्र मानसशास्त्राची एम. ए. पदवी आणि रुग्णावर मानसोपचार करण्याचे प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी एकच समजल्या जातात. प्रस्तुत लेख मुख्यतः या एका मुद्द्यासाठी लिहिला आहे.

मन हा विषय आपल्या शास्त्रास नवा नाही. चरकाचार्यांनी त्रिविध औषध सांगताना दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजयाचा स्वतंत्र निर्देश केला आहे. दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे. शारीरस्थानात सत्त्वाचे सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस असे सोळा प्रकार वर्णिले आहेत. उन्मादनिदानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. आजचा मनोविकारतज्ज्ञ रुग्णाची मानसिक अवस्था तपासताना जे पाहतो, त्याच्याशी ही यादी पुष्कळ अंशी जुळते. प्रश्न वेगळाच आहे. पदवीच्या काळात वमन-विरेचन आपण गुरुजनांच्या हाताखाली प्रत्यक्ष पाहिले, केले. सत्त्वावजय चिकित्सा रुग्णासमोर बसून कोणी करून दाखविली? आपल्यापैकी बहुतेकांना तो टीप लिहिण्याचा प्रश्न म्हणूनच आठवतो. पाठांतर आणि कर्माभ्यास यांतील हे अंतर मानसशास्त्राच्या शिक्षणातही असते, म्हणून आधी आपल्या घरचे उदाहरण दिले.

एम. ए. मानसशास्त्र हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात बोधनप्रक्रिया, व्यक्तिमत्त्वविषयक उपपत्ती, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, मानसिक चाचण्या व विकृतिमानसशास्त्र हे विषय येतात. भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विद्यापीठ विभाग कलकत्त्यास 1916 साली सुरू झाला आणि प्रारंभापासून त्याचा भर प्रयोगशाळेवर राहिला. आजही ही पदवी प्राधान्याने ज्ञानशाखेची पदवी आहे. अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेश मिळतो, त्यामुळे बी. ए. एम. एस. झालेल्यास अडचण येत नाही. दवाखाना सांभाळून दूरशिक्षणाने ही पदवी घेण्याचा मार्ग अनेकांना सोयीचा वाटे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. गैरसोय झाली हे खरे; तरीही रुग्णाचे तोंड न पाहता मिळणाऱ्या पदवीवर बंधन आले, याचे आम्हांस फारसे दुःख नाही.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्याचा मार्ग याहून लांबचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 (अंमल 29 मे 2018 पासून) नुसार त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली चिकित्सालयीन मानसशास्त्राची अर्हता लागते. प्रचलित अर्हता म्हणजे एम. ए. नंतरची दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल. बेंगळुरूची निम्हान्स, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था अशा ठिकाणी हे प्रशिक्षण रुग्णालयात राहून होते. एम. फिल. पदवी अन्य विषयांत बंद झाली असली तरी या विषयापुरती तिची मुदत आयोगाने शैक्षणिक वर्ष 2025-26 पर्यंत वाढविली होती. यापुढे प्रवेश घेणाऱ्याने परिषदेची चालू मान्यता पाहिल्याशिवाय कोणत्याही संस्थेत शुल्क भरू नये.

या दोन वर्षांत नेमके काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. विद्यार्थी रुग्णाचा व नातेवाइकांचा सविस्तर इतिहास घेतो, चाचण्या करतो, उपचारसत्रे घेतो आणि प्रत्येक टप्प्यावर आपले टिपण वरिष्ठासमोर ठेवतो. रुग्ण रडू लागला तेव्हा आपण घाईने उपदेश का केला, अमुक प्रश्न का टाळला, हे त्यास विचारले जाते. चाचण्यांचेही तसेच. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर केले. बिने-कामत चाचणी या नावाने ती देशभर वापरली गेली. तिची पेटी कोणीही विकत आणील. परंतु घाबरलेले मूल आणि मंदबुद्धी मूल यांतील फरक ओळखण्यास शेजारी अनुभवी परीक्षक बसलेला असावा लागतो. नाडीपरीक्षा ग्रंथावरून येत नाही, तद्वतच हे.

यास्तव केवळ एम. ए. किंवा सहा महिन्यांची समुपदेशन पदविका घेऊन फलकावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिणे अयोग्य आहे, बेकायदेशीरही आहे. पुनर्वास परिषद कायदा 1992 मध्ये नोंदणीविना असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आपल्या शाखेतून जाणारा मार्ग मात्र अनेकांच्या लक्षात नसतो. 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत आयुर्वेदातील ‘मनोविज्ञान व मानसरोग’ या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांचा स्पष्ट समावेश केला आहे. तीन वर्षांचा हा एम. डी. अभ्यासक्रम केरळमधील कोट्टक्कल येथील आयुर्वेद महाविद्यालयात चालतो. तेथेच मानसरोगांसाठी शासकीय आयुर्वेद रुग्णालय असल्याने त्या गावास या विषयात विशेष स्थान आहे. केवळ बी. ए. एम. एस. पदवीस हा समावेश लागू नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. शिवाय कलम 106 प्रमाणे कोणत्याही चिकित्सकास आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरील औषध सुचविता येत नाही.

चाळिशी उलटलेल्या, घर व दवाखाना भंडाऱ्यात असलेल्या वैद्याने दोन-तीन वर्षे पुणे किंवा कोट्टक्कल येथे जावे, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. त्याच्यासाठी काय उरते? येथे आपल्याच विदर्भाचा दाखला उपयोगी पडावा. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविला गेला. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्या, त्यांच्यावर समुपदेशक आणि त्यांच्यावर मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. त्यापूर्वी गोव्यात ‘मानस’ या प्रयोगात (निष्कर्ष 2010) प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांस ठळक लाभ झाला. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही, हे आपण खाजगी व्यावसायिकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. दोन्ही ठिकाणी काम करणारे बहुतेक जण उच्चपदवीधर नव्हते. त्यांच्या पाठीशी नियमित देखरेख होती. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखेने महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञास निमंत्रित करून रुग्णांची ओळख गुप्त ठेवून प्रकरणांची चर्चा केली, तर वर्षभरात बारा व्याख्यानांपेक्षा अधिक शिक्षण होईल.

दुसरी बाब भाषेची. छापील प्रश्नावल्यांची मराठी ही झाडीपट्टीतील मराठी नव्हे. ज्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, त्या बोलीतील वृद्धेस ‘आपणांस हताश वाटते का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते. कामात जीव लागतो का, जेवणाला चव लागते का, असे विचारले की ती बोलू लागते. ‘पीएचक्यू-9’ ही नऊ प्रश्नांची सूची दवाखान्यात पाच मिनिटांत होते. गेल्या दोन आठवड्यांविषयीचे हे प्रश्न असून एकूण 27 पैकी 10 किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी अवश्य करावी. मात्र ही निदानाची कसोटी नव्हे, केवळ चाळणी आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो विचारल्याने रुग्णाच्या मनात तो विचार पेरला जाईल, ही भीती निराधार आहे.

धानाच्या या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशक हाताशीच असते. म्हणून त्या प्रश्नास होकार मिळाल्यास ब्राह्मी-शंखपुष्पी देऊन आठ दिवसांनी बोलावणे योग्य नव्हे. रुग्णास एकटे सोडू नये, नातेवाइकांस विश्वासात घेऊन विषारी औषधे कुलूपबंद करवावीत आणि त्याच दिवशी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. रात्री-अपरात्री टेलिमानसचा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे. सोबतच्या चिठ्ठीत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, झोप व आहाराची स्थिती, आपण दिलेली सर्व औषधे (भस्मे व रसकल्पांसह) आणि पूर्वी कधी असा प्रयत्न झाला होता काय, एवढे अवश्य लिहावे. आणि उलट टपाली काय निदान झाले ते कळवावे, अशी विनंती करावी.