संकटकाळीं मंडळीनें प्रार्थना कशी करावी

शास्त्रपाठ : दानीएल ९:३–१९, २ इतिहास ७:१२–१५, याकोब ५:१३–१६.

देशांत दंगा उसळतो, रोगाची सांथ येते, युद्धाच्या वार्ता कानीं पडतात, तेव्हां मंडळी प्रार्थनेसाठीं एकत्र जमते. हें योग्यच आहे. पेत्र तुरुंगांत असतां यरुशलेमांतील मंडळीनें त्याच्यासाठीं असेंच केलें (प्रे. कृ. १२:५). परंतु अशा वेळीं देवापुढें काय बोलावें, हें पुष्कळांस नीट समजत नाहीं. बहुधा आपण दुसऱ्यांच्या अपराधांची यादी देवाला वाचून दाखवितों व ‘आमेन’ म्हणून घरीं जातों. या चुकीविषयीं आज विचार करूं.

दानीएलाकडे पाहा. तो बाबेलांत बंदिवान होता. त्याचें वर्तन असें होतें कीं, त्याच्या वैऱ्यांना शोधूनहि दोष सांपडला नाहीं (६:४). यरुशलेमाचा नाश त्याच्यामुळें झाला नव्हता. तरीसुद्धां पाप ‘त्यांनीं’ केलें असें तो म्हणत नाहीं. ‘आम्हीं’ केलें असें म्हणतो. नहेम्यानेंहि स्वतःला व आपल्या बापाच्या घराण्याला त्याच पापांत मोजलें (१:६). शलमोनाला मिळालेल्या अभिवचनांतहि हाच क्रम आहे : आधीं देवाच्या लोकांनीं नम्र होऊन आपल्या वाईट मार्गांपासून फिरावें, मग देव त्यांचा देश बरा करील.

आमच्या काळाजवळचें एक उदाहरण इंग्लंडांतील आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्री शहरावर बॉम्ब टाकले. पांचशेंहून अधिक माणसें मेलीं व तेथील प्राचीन कॅथीड्रल जळून बहुतेक भिंतीच उरल्या. तेथील मुख्य पाळक रिचर्ड हॉवर्ड यांनीं त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं त्या भग्न मंदिरांतून रेडिओवर भाषण केलें व सूडाचा विचार सोडून देण्यास सांगितलें. पुढें वेदीमागच्या भिंतीवर पित्याजवळ क्षमा मागणारे दोनच शब्द कोरले गेले. प्रभूनें वधस्तंभावरून ‘त्यांच्या’साठीं क्षमा मागितली, तो निष्पाप होता. त्या भिंतीवर मात्र ‘त्यांना’ हा शब्द नाहीं. कारण क्षमेची गरज सर्वांनाच आहे. १९५८ सालीं रचलेली समेटाची प्रार्थना तेथें शुक्रवारीं दुपारीं होत आली आहे.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. २०२० सालीं कोरोनाच्या भयानें, मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांना पुष्कळ गांवांनीं वेशीवर अडविलें. आमच्या देखरेखीखालच्या एका गांवीं रस्त्यावर काट्या टाकणाऱ्यांत आपल्या मंडळीचेहि लोक होते. आणि अडविलेल्यांत मंडळीचेंच एक कुटुंब लहान लेंकरासह होतें. त्यांना शाळेंत वेगळें ठेवणें रास्त होतें. पण दिवसभर कोणी त्यांना पाणीहि नेऊन दिलें नाहीं. मंदिर बंद असल्यामुळें सायंकाळीं सात वाजतां सर्व घरीं एकाच वेळीं प्रार्थना करावी, असें आम्हीं ठरवून दिलें होतें. त्या सायंकाळीं एका वृद्ध विधवेनें उपदेशकाला दारांतूनच विचारलें, “मास्तर, आपण देवाजवळ आरोग्य मागतों, आणि शाळेंतलें लेंकरूं पाणी मागतें. देवानें आधीं कोणाचें ऐकावें?”

उपदेशकाजवळ उत्तर नव्हतें, आमच्याजवळहि नव्हतें. त्या रात्रीं तो घागर व भाकरी शाळेच्या दारापाशीं ठेवून आला. पुढें मंदिर उघडल्यावर पहिल्याच रविवारीं मंडळीच्या वडिलांनीं त्या कुटुंबापुढें उभें राहून क्षमा मागितली. त्या घरच्या कर्त्या पुरुषानें बराच वेळ मान वर केली नाहीं. मग तो उठून वडिलांच्या शेजारीं येऊन बसला. त्या दिवशींची प्रार्थना फार लांब नव्हती. पण तींत ‘आम्ही’ हा शब्द खरा होता.

येथें दोन गोष्टी जपून समजाव्या. रोग हा प्रत्येक वेळीं रोग्याच्याच पापाचें फळ असतो, असें कोणी शिकवूं नये. प्रभूनें तें नाकारिलें आहे (योहान ९:३). तसेंच प्रार्थना केली म्हणून औषध टाकूं नये. हिज्कीयाची प्रार्थना देवानें ऐकिली, तरी यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविलाच (२ राजे २०:५–७).

उपदेशकांनीं प्रार्थनासभा चालवितांना असा क्रम ठेवावा. प्रथम थोडा वेळ स्तब्ध राहून, आपण कोणाचा अपराध केला आहे हें प्रत्येकानें आठवावें. वेदीपासून उठून भावाकडे जाण्याची गरज असेल, तर जावें (मत्तय ५:२३, २४). नंतर सर्वांनीं मिळून पाप कबूल करावें. मग ज्यांच्याशीं आपलें पटत नाहीं त्यांचें व साऱ्या गांवाचें कल्याण मागावें. कारण बंदिवासांतील लोकांना देवानें बाबेल शहरासाठींहि प्रार्थना करण्यास सांगितलें (यिर्मया २९:७). शेवटीं आरोग्य व शांति मागावी, आणि आजाऱ्याला दवाखान्यांत कोण नेईल, भुकेल्याकडे भाकर कोण पोहोंचवील, हें तेथेंच ठरवून मगच उठावें.

प्रश्न : १. दानीएल निर्दोष असून ‘आम्ही’ कां म्हणाला? २. याकोबानें पापकबुली व बरें होणें यांचा संबंध कसा जोडला आहे? ३. आपल्या गांवच्या वेशीवर आज कोण थांबलें आहे?