तीच फाईल पुन्हा पुन्हा का येते?
फीडच्या वर्गणीतून होणाऱ्या स्वयंचलित डाउनलोडमधील दोष आणि त्यांचा शोध

१. प्रास्ताविक

कचेरीत रोजचे टपाल आले म्हणजे आवक-जावक कारकून प्रत्येक पत्राची नोंद वहीत करतो व त्यावर क्रमांक घालतो. तेच पत्र चुकून दुसऱ्यांदा हाती आले, तर वही पाहून तो ते बाजूस ठेवतो. आता अशी कल्पना करा की, ती वही रोज रात्री हरवते. अथवा पत्र पाठविणारा त्याच मजकुरावर दर वेळी निराळा क्रमांक घालतो. एकाच पत्राच्या शेकडो प्रतींनी फडताळ भरून जाईल, आणि कारकून मात्र आपण नियमाप्रमाणेच वागलो असे प्रामाणिकपणे सांगेल.

फाईलींची देवघेव करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींत हाच प्रकार वारंवार आढळतो. फीडची वर्गणी लावून ठेवावी, नवीन फाईल आपोआप उतरावी अशी योजना करावी, आणि प्रत्यक्षात एकच फाईल पुन्हा पुन्हा उतरत राहावी, हा अनुभव पुष्कळांस येतो. ही केवळ गैरसोय नव्हे. समजा, ४ जीबी आकाराची एक फाईल दर अर्ध्या तासाने नव्याने उतरू लागली; तर दिवसाच्या ४८ फेऱ्यांत १९२ जीबी डेटा खर्च होईल. जेथे डेटा मोजून मिळतो, अशा शाळेचा किंवा ग्रंथालयाचा महिन्याचा साठा एका रात्रीत संपण्यास एवढे पुरेसे आहे. म्हणून या दोषाचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

२. फीड आणि टॉरेंट

‘वर्गणी’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. वृत्तपत्राच्या वर्गणीदाराकडे अंक चालत येतो. फीडच्या वर्गणीदाराकडे काहीही चालत येत नाही. फीड ही एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवलेली यादी असते. वर्गणीदाराची आज्ञावली ठरावीक काळाने तेथे जाऊन ती यादी वाचून येते. क्यूबिटटॉरेंट या प्रसिद्ध आज्ञावलीत हा काळ मुळात ३० मिनिटांचा ठेवलेला असतो. यादी लिहिण्याची आरएसएस ही पद्धत १९९९ साली नेटस्केप या संस्थेत प्रथम तयार झाली, तिची २.० ही आवृत्ती २००२ साली आली, आणि ॲटम ही दुसरी पद्धत २००५ साली प्रमाण ठरली.

यादीतील प्रत्येक नोंदीत बहुधा नाव, दिनांक व टॉरेंटचा दुवा असतो. बिटटॉरेंट ही पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली रचली. तीत मोठ्या फाईलीचे लहान तुकडे करून ते अनेक संगणक परस्परांस पुरवितात. डेबियनसारख्या लिनक्स प्रणाली या मार्गाने अधिकृतपणे वितरित होतात. इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहानेही २०१२ पासून आपले साहित्य असे उपलब्ध करून दिले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आज्ञावलीच्या नोंदवहीत ‘फीड वाचले’ अशी ओळ दर अर्ध्या तासाने दिसली, तर तो दोष नव्हे. तो तिचा नित्यक्रम होय. यादी बदलली नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक कळवून मजकूर पाठविण्याचे टाळू शकतो. दोष तेव्हाच मानावा, जेव्हा यादीतील जुनी नोंद नवी समजली जाते.

३. ओळखीच्या दोन खुणा

‘ही नोंद पूर्वी पाहिली आहे काय?’ हा प्रश्न आज्ञावलीस दोन ठिकाणी पडतो, आणि दोन्ही ठिकाणी ती निरनिराळी खूण पाहते.

पहिली खूण यादीतील नोंदीची. आरएसएस २.० मध्ये तिला जीयूआयडी असे नाव असून ती ऐच्छिक आहे. ॲटममध्ये तशीच खूण सक्तीची आहे. ही खूण नसेल तर आज्ञावली दुव्यावरून किंवा नावावरून नोंद ओळखते.

दुसरी खूण टॉरेंटची. तिला इन्फो-हॅश म्हणतात. फाईलीचे नाव, तुकड्यांचा आकार व प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या यांवरून ती गणिताने काढली जाते; मूळ पद्धतीत ती १६० बिटांची असून ४० चिन्हांत लिहितात. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, केवळ ट्रॅकरचा पत्ता बदलल्याने ही खूण बदलत नाही. दोन, मजकूर तोच राहूनही फाईलीचे नाव किंवा तुकड्यांचा आकार बदलला, तर खूण संपूर्णपणे बदलते.

एका खुणेचा टॉरेंट कामाच्या यादीत असेपर्यंत आज्ञावली तोच टॉरेंट दुसऱ्यांदा घेत नाही. अर्थात् फाईल खरोखरच पुन्हा उतरत असेल, तर एकतर तो टॉरेंट यादीतून निघून गेलेला असतो, किंवा नव्या टॉरेंटची खूण निराळी असते. सर्व शोधाचा पाया हाच आहे.

४. दोषाची स्थाने

(अ) खूण अस्थिर असणे. काही सर्व्हर दुव्याच्या शेवटी दर वेळी बदलणारा संकेत जोडतात. जीयूआयडी नसेल आणि ओळख दुव्यावर अवलंबून असेल, तर प्रत्येक फेरीत जुनी नोंद नवी ठरते.

(आ) स्मरण अपुरे असणे. फीडमधील किती नोंदी लक्षात ठेवावयाच्या यास मर्यादा असते. क्यूबिटटॉरेंटमध्ये ती मुळात ५० आहे. फीडमध्ये १०० नोंदी असतील, तर मर्यादेबाहेर गेलेल्या नोंदी विसरल्या जाऊन पुढे पुन्हा नव्या भासण्याचा संभव राहतो.

(इ) स्मरण नष्ट होणे. डिस्क भरल्याने, लिहिण्याची परवानगी नसल्याने किंवा वीज अकस्मात गेल्याने नोंदींची फाईल जतन होत नाही. दोष फक्त संगणक नव्याने सुरू केल्यावर दिसत असेल, तर संशय येथे घ्यावा.

(ई) काम संपताच टॉरेंट यादीतून काढणे. उतरलेली फाईल मूळ जागी असेल, तर पुन्हा आलेला टॉरेंट ती तपासून घेतो व डेटा वाचतो. परंतु फाईल दुसरीकडे हलविली असेल, तर ती आरंभापासून उतरू लागते.

(उ) नियम सैल असणे. नियमात केवळ ‘डेबियन’ एवढाच शब्द लिहिला, तर एएमडी६४ व एआरएम६४ या दोन्ही जातींच्या संगणकांसाठीच्या, तसेच लहान नेटइन्स्ट व मोठ्या डीव्हीडी अशा सर्व फाईली त्यास जुळतात. पाहणाऱ्यास एकच वस्तू अनेकदा आलीसे वाटते. वस्तुतः त्या निरनिराळ्या वस्तू असतात. एकच मजकूर दोन फीडांत भिन्न नावांनी आला, तरी हाच परिणाम होतो.

५. शोधाची रीत

प्रथम स्वयंचलित डाउनलोड थांबवावा. फीडचे वाचन चालू ठेवण्यास हरकत नाही. त्यामुळे नुकसान थांबते आणि पुरावाही जमत राहतो. घाईने सर्व नियम पुसून टाकू नयेत. पुरावा नाहीसा झाला की कारणही लपते.

दुसरी पायरी : पुन्हा आलेल्या दोन प्रतींचे इन्फो-हॅश ताडून पाहावे. ते भिन्न असतील, तर दोष ‘उ’ प्रकारचा आहे, नियम तपासावा. ते एकच असतील, तर मधल्या काळात टॉरेंट यादीतून गेला, हे सिद्ध झाले. तो कोणी काढला, ही पहिली चौकशी. आणि जुनी नोंद नवी का ठरली, ही दुसरी.

तिसरी पायरी दुसऱ्या चौकशीसाठी आहे. फीडचा मजकूर अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा जतन करावा व एकाच नोंदीची जीयूआयडी आणि दुवा शेजारी ठेवून वाचावे. खूण बदललेली दिसली, तर दोष फीडकडे आहे. बदललेली नसेल, तर नोंदी मोजून मर्यादेशी तुलना करावी. तेथेही मेळ बसला, तर आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करावी आणि वाचलेल्या नोंदी वाचलेल्याच राहतात की नाही हे पाहावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा नियम येथेही पाळला पाहिजे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळणार नाही.

६. उपाय

नियम सैल असेल, तर आवश्यक शब्दांबरोबर वर्ज्य शब्दही लिहावेत. क्रमशः येणाऱ्या भागांसाठी भागाचा क्रमांक अथवा दिनांक ओळखून दुसरी प्रत टाळणारी सोय क्यूबिटटॉरेंटमध्ये आहे. तिचा उपयोग करावा. स्मरण अपुरे असेल, तर नोंदींची मर्यादा फीडच्या लांबीहून मोठी ठेवावी. स्मरण नष्ट होत असेल, तर डिस्कवरील जागा व परवानग्या पाहाव्यात. काम संपलेला टॉरेंट लगेच काढून न टाकता थांबवून ठेवावा. फीडची खूणच अस्थिर असेल, तर फीड चालविणाऱ्यास कळवावे. तोवर एक जुळणी झाल्यावर काही दिवस त्या नियमाच्या पुढील जुळण्या दुर्लक्षिण्याची सोय वापरावी. मात्र हा तात्पुरता उपचार होय. त्या दिवसांत आलेली खरोखरची नवी फाईलही त्यामुळे निसटते.

फीड अधिक वेळाने वाचल्यास दोष कमी झाल्यासारखा दिसतो. तो गेलेला नसतो. त्याच्या फेऱ्या तेवढ्या कमी होतात.

७. उपसंहार

यंत्र विसरभोळे नसते आणि हट्टीही नसते. ज्या खुणेवरून ओळखावे असे त्यास सांगितले, त्याच खुणेवरून ते ओळखते. तेव्हा ‘यंत्र असे का करते?’ असे विचारण्यापेक्षा ‘यंत्र कोणत्या खुणेवरून ओळखते, आणि ती खूण टिकते काय?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बहुतेक काम झाले.

स्वाध्याय

१. दोन टॉरेंटचा मजकूर एकच असून इन्फो-हॅश भिन्न आहेत. याची दोन कारणे सांगा.
२. फीडमध्ये ८० नोंदी असून स्मरणाची मर्यादा ५० आहे. कोणता दोष संभवतो व तो कसा टाळाल?
३. दोष केवळ संगणक नव्याने सुरू केल्यावर उद्भवतो. सर्वप्रथम काय तपासाल, आणि का?