माळेगावला गोऱ्हा न्यायचा तर

लेकरा, यंदा देवणी गोऱ्हा माळेगावच्या प्रदर्शनात उतरवायचा म्हणतोस, तर उतरव. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत आत जायला काही अडचण नाही, येळकोट म्हणायचं आन् आत शिरायचं. अडतं ते रिंगणात, आणि त्याच्याही आधी रस्त्यात.

म्हणून आधी कागद. गोऱ्ह्याच्या कानात बिल्ला नसेल तर उद्याच दवाखान्यात जा. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची ने-आण आणि खरेदी-विक्री चालत नाही. निघताना डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला खिशात पाहिजे. लाळ्या-खुरकुताची अन् लम्पीची लस महिनाभर आधी टोचून घे, ती अंगी लागायला वेळ लागतो. 2022 साली लम्पीनं राज्यातले जनावरांचे बाजार बंद पाडले होते, हे विसरू नको.

आता पैशाचं. खरा खड्डा पडतो तो भाड्यात. जत्रा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लागूनच येते. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातला माणूस आंबिल-भज्जी घेऊन शेतात गेलेला असतो. टेम्पोवाला काय वेगळा आहे? तो दुप्पट मागतो किंवा सरळ फोनच बंद ठेवतो. त्यामुळं भाडं ठरवताना जाणं-येणं आणि मुक्कामाचे दिवस एकदमच बोल, नाहीतर परतताना तो तुझी गरज बघून भाव सांगेल. गल्लीतल्या दोघातिघांची जनावरं एकत्र न्या, पण एका गाडीत सहापेक्षा जास्त भरता येत नाहीत, तसा नियमच आहे. उदगीर, शिरूर ताजबंद, अहमदपूर असा रस्ता. खाली भुसकट अंथर, मधे एकदा थांबून पाणी दाखव.

कडबा आणि पेंड घरचीच ने. जत्रेत महाग मिळते ते सोड, चारा अचानक बदलला की पोट फुगतं, आणि फुगलेल्या गोऱ्ह्याला कोण नंबर देणार?

रिंगणात दातावर गट पडतात: अवदंत, दोन दाती, चार दाती. दात आधी तूच बघून घे. आपला गोऱ्हा वानेरा. तोंडावर काळं, बाकी अंग पांढरंशुभ्र. देवणीतल्याच शेवऱ्यासारखे ठिपके अंगावर असले की वानेरा म्हणून मिरवू नये, जाणकार हसतात. बघणारे रुंद कपाळ, लोंबते कान, पोळी, पाय आणि चाल बघतात. म्हणून शिंगांना रंग फासण्यापेक्षा रोज सकाळी मोरकी धरून चालव, गर्दीचा अन् ढोलकीचा आवाज ऐकव. माणसांच्या गर्दीत बुजणारं चांगलं जनावर मागं पडलेलं मी पाहिलंय.

नंबर आला की दलाल रुमालाखाली बोटं दाबायला येतील. त्या दिवशी सौदा करू नको. वळू म्हणून ठेवलास तर गावच्या गाईंना उपयोग होईल; देवणी जातच आपल्या गावाच्या नावाची आहे, आणि गावातच चांगले वळू कमी पडायला लागलेत.

टेम्पोवाल्याला फोन मात्र आजच लाव.